ग्रेड वाढला, माल तेवढाच: डिचोलीच्या एका टीचरच्या मेंदूतलं लोह

जून २०२४. शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, पाऊस लागला होता. डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या ३६ वर्षांच्या बाई नवऱ्याचा हात धरून ओपीडीत आल्या. गोव्यात शिक्षिकेला सगळे टीचरच म्हणतात, मीही तेच म्हणतो. आमची ओळख पाच वर्षांची. २०१९ मध्ये त्यांना उजव्या डोळ्याने अचानक धुरकट दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचा. वर्षभराने डावा पाय जड झाला, पावलात मुंग्या आल्या. एमआरआय, पाठीच्या पाण्याची तपासणी, सगळं झालं. निदान मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस: शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या वेष्टणावर उठते. त्यातला मध्येच उसळून पुन्हा शांत होणारा प्रकार. उसळी रोखायला डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या सुरू केल्या. तेव्हापासून नोकरी, घर, दोन मुलं, सगळं चालू होतं. डावा पाय दमल्यावर थोडा ओढला जायचा, तेवढंच.

या वेळची तक्रार थकव्याची. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की हात खाली येतो. वर्ग पहिल्या मजल्यावर, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. रात्री पडल्यावर पाय शिवशिवतात, उठून घरात फेऱ्या मारल्याशिवाय बरं वाटत नाही.

"रिलॅप्स आलाय, डॉक्टर," नवरा म्हणाला. रिलॅप्स म्हणजे आजाराची नवी उसळी. "येणारच होता. रिपोर्टमध्ये लिहिलंय."

त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून डिसेंबर २०२३ चा एमआरआयचा रिपोर्ट काढला. गोव्याबाहेरच्या एका मोठ्या शहरातल्या केंद्रात हा तपास झाला होता. २०२० चाही तिथलाच. त्यात एका वाक्याखाली लाल बॉलपेनने दोन रेघा: बेसल गँग्लियामध्ये वयाच्या मानाने जास्त लोहसंचय, मागील तपासणीपेक्षा वाढ. बेसल गँग्लिया म्हणजे मेंदूच्या गाभ्यातली पेशींची गाठोडी.

इथे मी चुकलो. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर चाळीसेक माणसं. एमएसची जुनी रुग्ण, थकवा, पायाच्या तक्रारी. मी दाखल करून मिथाइलप्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड, रोज १ ग्रॅम, तीन दिवस, असं लिहूनही टाकलं. सलाइन लावायला गेलेली सिस्टर पाच मिनिटांत परत आली. "सर, त्या खडू खातात. पर्समध्ये अर्धा डबा आहे. आणि हाताला शीर सापडेना, हात बघा कसा कागदासारखा झालाय."

मी जाऊन खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरी फटक. नखं चपटी, दोन बोटांची तर चमच्यासारखी खोलगट. नाडी ११२. मग जे आधी करायचं ते केलं: हातापायांची ताकद, रिफ्लेक्स, डोळ्यांच्या हालचाली, तोल. जानेवारीतल्या नोंदीपेक्षा काहीही नवीन नव्हतं. रिलॅप्स म्हणायला मज्जासंस्थेची एखादी नवी खूण किमान २४ तास टिकलेली हवी, आणि ताप किंवा संसर्गासारखं दुसरं कारण नको. इथे खूणच नव्हती. शिवाय जिना चढताना धाप लागणं हे चालताफिरता असलेल्या एमएसच्या रुग्णाचं लक्षण नव्हे, हे मला दारातच सुचायला हवं होतं.

हिमोग्लोबिन ७.२. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम. लाल पेशी लहान आणि फिक्या. अशाच पेशी दिसणारा आनुवंशिक दोष, थॅलेसेमिया मायनर, नाही, हेही तपासून घेतलं. स्टेरॉइडचा कागद फाडला.

खडूबद्दल विचारलं तेव्हा टीचर लाजल्या. "ओला करून खाते. मातीचा वास येतो ना, पहिल्या पावसासारखा. चौथीची मुलं हसतात." रक्तातलं लोह फार उतरलं की माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ खायची अशी ओढ लागते. वैद्यकात तिला पायका म्हणतात.

चार महिन्यांपूर्वी याच बाईंचं हिमोग्लोबिन १०.४ होतं. पाळीत अंगावरून जास्त जायचं, म्हणून त्यांच्या गावच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. मग त्या कुठे गेल्या?

उत्तर नवऱ्याने दिलं, आणि अभिमानाने दिलं. रिपोर्टमध्ये 'लोहसंचय' वाचल्यावर त्याने घरातलं लोह बंद केलं होतं. गोळ्या बंद. लोखंडी तवा आणि काहील माळ्यावर. तांबडी भाजी, जी गोव्यात आठवड्यातून दोनदा तरी ताटात असते, ती बंद. नाचणीची आंबील बंद. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, बंद, कारण त्यांत लोह असतं हे त्याने मोबाइलवर वाचलं होतं. सासूबाईंचं मत वेगळंच: "खाणीची माती गेली तिच्या डोक्यात. तीस वर्षं आम्ही तीच खातो."

हे मत हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. घर लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातलं. नवऱ्याचे दोन टिपर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, होते. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१४ मध्ये ती अटींवर उठली आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालात ८८ लीज रद्द झाल्या. टिपर गेले, कर्ज राहिलं. त्याआधीची कितीतरी वर्षं त्या रस्त्याच्या कडेची झाडं लाल होती. धूळ फुप्फुसात साठते, तिचे आजार आहेत. मँगनीजची धूळ बराच काळ नाकातोंडात गेली तर ते मेंदूच्या गाभ्यात बसतं, हेही खरं. पण लोहाच्या मातीने एमएस होत नाही, आणि टीचरच्या मेंदूत जे मोजलं गेलं ते रस्त्यावरून आलेलं नव्हतं.

ते मुळात तिथलंच. मेंदूत लोह लागतं. मज्जातंतूंभोवती मायलिनचं वेष्टण विणणाऱ्या ज्या पेशी, ऑलिगोडेंड्रोसाइट, त्यांच्यात ते सगळ्यात जास्त, कारण वेष्टण बनवायच्या रसायनात त्याची गरज पडते. मेंदूच्या गाभ्यातल्या काही गाठोड्यांत तर ते ठासून भरलेलं असतं. १९५८ मध्ये हॉलग्रेन आणि सूरांदेर या दोन स्वीडिश संशोधकांनी मृत व्यक्तींच्या मेंदूचे तुकडे घेऊन वयानुसार लोह मोजलं. ग्लोबस पॅलिडस या भागात १०० ग्रॅम ऊतीला सुमारे २१ मिलिग्रॅम निघालं. त्याच अभ्यासात यकृतातलं त्याहून कमी होतं. जन्माच्या वेळी जवळपास नाही, पहिल्या वीस-तीस वर्षांत भराभर वाढ, मग चढ मंदावतो. म्हणजे 'मेंदूत लोह साठलंय' हे वाक्य कुणाच्याही प्रौढ माणसाच्या रिपोर्टवर लिहिता येईल. प्रश्न फक्त किती, आणि कशाच्या तुलनेत.

एमएसमध्ये ही मांडणी बिघडते. वेष्टण जळतं, विणणाऱ्या पेशी मरतात, त्यांच्यातलं लोह बाहेर सांडतं. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी, मेंदूतल्या सफाई कामगारच म्हणा, ते गिळतात. काही जुन्या जखमांच्या कडेला अशा लोह गिळलेल्या पेशींचं कडं राहतं आणि तिथे आग धुमसत राहते. २०१८ मध्ये बफेलो इथल्या गटाने ६०० रुग्ण आणि २५० निरोगी लोकांचं मापन प्रसिद्ध केलं. रुग्णांत बेसल गँग्लियातला आकडा जास्त, गाभ्यातल्याच थॅलॅमस या भागातला कमी. एकाच डोक्यात एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी. थॅलॅमसमधली घट बहुधा विणणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत म्हणून. टीचरच्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर थॅलॅमसचा आकडा होता, आणि तो खरोखरच कमी होता. त्याखाली रेघ नव्हती.

आता मोजतात कसं. एमआरआयला लोह दिसत नाही, पाण्याचा सिग्नल दिसतो. फेरिटिन या प्रथिनात बांधलेलं लोह चुंबकीय क्षेत्र आपल्या आजूबाजूला किंचित बिघडवतं, त्यामुळे शेजारच्या पाण्याचा सिग्नल लवकर विरतो. तो किती वेगाने विरतो हा एक आकडा, त्याला आर-टू-स्टार म्हणतात. सोपा, भरवशाचा, पण आंधळा. कॅल्शियम साठलं तरी तो वाढतो, लोह साठलं तरी वाढतो. दुसरी पद्धत क्यूएसएम. तीत सिग्नलची कला, म्हणजे फेज, घेतात. तिच्यावरून क्षेत्र कुठे किती ढळलं याचा नकाशा करतात आणि तो उलटा सोडवून कुठल्या ठिकाणी किती चुंबकीय पदार्थ असेल ते काढतात. लोह एका बाजूला ढळवतं, कॅल्शियम आणि मायलिन दुसऱ्या बाजूला, म्हणून इथे दोघांना वेगळं करता येतं. उत्तर अब्जांशात, पीपीबीमध्ये येतं.

हे सांगत असताना नवऱ्याने मध्येच तोडलं. "म्हणजे चुंबकीय सर्व्हे. वरून मीटर फिरवायचा आणि खाली माल किती ते सांगायचं."

अगदी तेच. खोदल्याशिवाय, वरच्या खुणांवरून खालचा अंदाज. आणि सर्व्हेला ज्या अडचणी त्याच इथेही. वेगवेगळ्या मांडण्यांतून वरती जवळपास सारखीच खूण उमटू शकते, त्यामुळे गणित अडतं आणि सॉफ्टवेअर आपल्या गृहितकांनी ते सोडवतं. नाकामागच्या पोकळ्यांतली हवा मेंदूतल्या लोहापेक्षा कितीतरी मोठा गोंधळ घालते, तो आधी वजा करावा लागतो. शून्य कुठे धरायचं हेही आपणच ठरवतो: कुणी मेंदूतल्या पाण्याला शून्य मानतं, कुणी संपूर्ण मेंदूच्या सरासरीला. म्हणून एका केंद्रातला ५० आणि दुसऱ्यातला ५० सारखे असतीलच असं नाही. टीचरच्या बाबतीत सुदैव इतकंच की दोन्ही तपास एकाच मशीनवर, ३ टेस्लाच्या, आणि एकाच पद्धतीने झाले होते.

ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या गटाने २०१२ मध्ये मृत व्यक्तींच्या मेंदूचा आधी एमआरआय केला आणि मग त्यातलं लोह प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलं. गाभ्यातल्या करड्या भागात दोन्ही आकडे छान जुळले. पांढऱ्या भागात मात्र मायलिन मध्ये येतं. तिथे वेष्टण गेलं तरी क्यूएसएमचा आकडा वर जातो, लोहाचा कण न वाढता. अशा ठिकाणी आर-टू-स्टार शेजारी ठेवून वाचावा: वेष्टण गेलं तर तो उतरतो, लोह आलं तर चढतो. दोन डोळ्यांनी बघितल्यासारखं.

मी केंद्राला मेल करून मूळ आकडे मागवले. त्यांनी दोन दिवसांत पाठवले, आणि त्यात रिपोर्टमध्ये न छापलेली एक गोष्ट होती: प्रत्येक भागाचं आकारमान. रिपोर्टमधल्या 'वाढी'चा मुख्य आधार कॉडेट न्यूक्लियस, बेसल गँग्लियातलंच एक गाठोडं, होता. २०२० मध्ये तिथे सरासरी ४६ पीपीबी, २०२३ मध्ये ५०. जवळपास ९ टक्के वाढ. आकारमान दोन्ही बाजू मिळून २०२० मध्ये ७.१ मिलिलिटर, २०२३ मध्ये ६.६. म्हणजे ७ टक्के घट.

हे आकडे मी कागदावर लिहून नवऱ्यापुढे सरकवले. खरं तर मी सोपं करून सांगायला उदाहरण शोधत होतो. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

"डॉक्टर, ही तर वॉशिंग प्लांटची गोष्ट. आमच्याकडे कमी ग्रेडचा माल यायचा, तो पाण्याने धुवायचा. माती वाहून गेली की ग्रेड वर. छपन्नचा अठ्ठावन्न. पण लोह कुठे वाढलं? टन कमी झाले."

पाच वर्षांत एवढं चांगलं स्पष्टीकरण मी कुणाला दिलेलं नाही, आणि हेही मी दिलेलं नव्हतंच. क्यूएसएम ग्रेड सांगतो, म्हणजे लोह किती दाट आहे ते. टनेज हवं तर आकारमानाने गुणावं लागतं. ४६ गुणिले ७.१ म्हणजे ३२६.६, ५० गुणिले ६.६ म्हणजे ३३०. हा कच्चा हिशेब झाला, कारण पीपीबीत थोडा वाटा मायलिनचाही असतो. पण फरक १ टक्क्याचा, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनमध्ये घातला तरी एवढा फरक पडू शकतो. कॉडेटमध्ये नवं लोह आलंय असं म्हणायला आधार नव्हता. ऊती आकसली होती. ही बातमी चांगली नाहीच. गाभा आकसणं हे एमएस चालू असल्याचं चिन्ह. पण त्यावरचा उपाय तवा माळ्यावर टाकणं हा नव्हे.

खाण्यातल्या लोहाचं आणि या आकड्याचं नातं फार पातळ आहे. रक्तातलं लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर ठराविक दारांतूनच आत येतं. किती घ्यायचं ते मेंदू ठरवतो. फेरिटिन ४ असलेल्या बाईच्या कॉडेटमध्ये ५० पीपीबी असणं यात विसंगती नाही. दोन वेगळ्या तिजोऱ्या आहेत. उलट रात्री पाय शिवशिवण्याचा जो आजार आहे, रेस्टलेस लेग्ज, त्यात मेंदूतल्या सब्स्टान्शिया नायग्रा या भागात लोह कमी असल्याचं एमआरआयवरूनच २००१ मध्ये दाखवलं गेलं. टीचरचे पाय एमएसमुळे ताठतात असं समजून मेमध्ये मीच फोनवर बॅक्लोफेन, स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध, वाढवलं होतं. पाय ताठत नव्हते, ते लोह मागत होते.

मग घरचे आणखी दोन प्रश्न. शिरा उघडून घ्यायच्या का? २००९ मध्ये इटलीतल्या फेराराच्या झांबोनी यांनी मांडलं होतं की मानेतल्या शिरा अरुंद झाल्याने रक्त तुंबतं, मेंदूत लोह उतरतं आणि एमएस होतो. जगभर रुग्णांनी शिरांत फुगे घालून घेतले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखालच्या चाचणीत फायदा दिसला नाही. मग लोह ओढून काढणारं औषध? एमएसमध्ये त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि शेजारच्या आजाराचा अनुभव वाईट आहे: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पार्किन्सनच्या ३७२ नव्या रुग्णांत डेफेरिप्रोन हे असंच औषध घेणाऱ्यांची लक्षणं ३६ आठवड्यांत जास्त बिघडली. ज्या बाईच्या रक्तात लोह उरलेलं नाही तिला लोह काढणारं औषध देणं म्हणजे कोरड्या विहिरीला पंप लावणं.

आता त्या रिपोर्टमध्ये कामाचं काय होतं ते. तिसऱ्या पानावर, सगळ्यात लहान अक्षरांत: २०२० च्या तुलनेत पांढऱ्या भागात दोन नवीन जखमा, आणि जुन्यांपैकी दोनभोवती लोहाचं कडं. हे कडं चुंबकीय फरक दाखवणाऱ्या साध्या, ससेप्टिबिलिटीच्या, चित्रांतही नीट बघितलं तर दिसतं, त्यासाठी क्यूएसएमचा आकडा लागत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १९२ रुग्णांच्या अभ्यासात अशा चार किंवा जास्त कड्यांच्या जखमा असलेल्यांना तरुण वयातच जास्त अपंगत्व आलेलं दिसलं होतं. एमएसच्या निदानाचे मॅकडोनाल्ड निकष सुधारून २०२५ मध्ये छापले गेले, त्यांत या कड्यांना निदानाचा एक आधार म्हणून जागा मिळाली. टीचरच्या दोनच होत्या. तरी गोळ्या चालू असताना दोन नवीन जखमा म्हणजे औषध पुरेसं नाही. हा निर्णय मी लोहाच्या आकड्यावर घेतला नाही, नवीन जखमांवर घेतला: हेपटायटिस बी आणि क्षयाच्या तपासण्या, लसी, आणि मग रिटुक्सिमॅब हे जास्त जोरदार औषध. पण आधी रक्त.

रक्तात शिरेवाटे लोह द्यावं असं माझं मत होतं. नवरा तयार होईना. हिशेब पटला होता, पण बाटलीतलं तांबडं पाणी बायकोच्या शिरेत जाताना बघवणार नाही म्हणाला. मी जास्त ताणलं नाही. गोळी एक दिवसाआड ठरवली, कारण रोज घेतल्यापेक्षा प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. चहा तासभर लांब. शौचाला काळं होईल, घाबरू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भाशयातली छोटी गाठ शोधली आणि पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड दिलं. बॅक्लोफेन पुन्हा खाली आणलं.

आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.३. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी टीचर एकट्या, बसने आल्या. खडू सुटला होता. "आता वासच आवडत नाही," म्हणाल्या, जरा आश्चर्याने. पाय रात्री शांत. थकवा होताच, दुपारनंतर डावा पाय ओढला जायचा. तो वाटा एमएसचा, तो लोहाने जाणार नव्हता. नोव्हेंबरात हिमोग्लोबिन ११.८, फेरिटिन ३१. रिटुक्सिमॅब डिसेंबरात सुरू केलं.

केंद्राला मी लिहिलं होतं की लोहाचा आकडा छापता तर शेजारी आकारमानही छापा. रिपोर्टच्या साच्यात ती जागा नाही, असं उत्तर आलं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तिसरा तपास, त्याच मशीनवर. नवीन जखम नाही. रिपोर्टमध्ये पुन्हा तेच वाक्य, लोहसंचय वाढलेला, कॉडेट ५१. या वेळी आकारमान मी आधीच मागवून ठेवलं होतं: ६.५. नवऱ्याने कागद माझ्याकडून घेतला, मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला आणि स्क्रीन बायकोपुढे धरली.

"तीनशे एकतीस पॉइंट पाच. माल तेवढाच आहे."